काळ्या दगडाचा मुलूख आणि परदेशी शिळा

रिचर्ड बॉनिंग्टन या तरुण इंग्रज चित्रकाराने 1824 साली फ्रान्समधल्या रूआँ शहरातली एक जुनी गल्ली दगडावर रेखाटली. दुतर्फा उंच जुनी घरं, रस्त्यावरच्या कमानीत मोठं घड्याळ. छटा पेन्सिलीसारख्या मऊ आहेत, कारण त्या शिळेला छिन्नी लागलेलीच नाही.

जुन्नरकरांना याचं नवल वाटावं. इथे दगड म्हणजे कोरायचा! नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षं टिकला तो बेसॉल्टच्या कणखरपणामुळे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा ही लेणीही त्याच दगडातली.

शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापण्याचं, सगळं काम मात्र रसायनांचं. घोटलेल्या चुनखडीवर मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या कांडीने चित्र काढायचं, तेही उलटं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते वरून फिरवायचं. चरबीतली आम्लं दगडातल्या कॅल्शियमला धरून बसतात. उरलेल्या जागी डिंकाचा थर पाणी धरून ठेवतो. ओल्या शिळेवर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई रेघांवरच चढते. लाव्हा थिजून झालेला आपला बेसॉल्ट सिलिकेटांचा. त्यावर हे साधत नाही. त्यासाठी बव्हेरियातल्या सोल्नहोफेनची चुनखडी नावाजलेली: सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी शांत खाजणात थरावर थर बसलेला चुन्याचा अतिबारीक गाळ. आदिपक्षी आर्किऑप्टेरिक्सचे पिसांसकट ठसे जपले तेही याच दगडाने.

जुन्नरला हातकागदाची जुनी परंपरा होती; छपाईची शिळा मात्र सह्याद्रीत नव्हती. तरीही गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत शिळेवर मराठी पंचांग छापलं. चरबीचा विटाळ नको म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. मला ही युक्ती शास्त्राच्या दृष्टीनेही चोख वाटते, कारण शाईला हवा असतो तो स्निग्धपणा तुपातही आहेच. पुढे पोथ्यांसाठी लेखनिक खास कागदावर सुलटं लिहीत आणि तो मजकूर दाबून शिळेवर उतरवला जाई.

देवदेवतांच्या रंगीत चित्रांसाठी मळवलीच्या रविवर्मा प्रेसने रंगागणिक वेगळी शिळा वापरली. घरच्या देवघरात त्या काळचं लक्ष्मीचं छापील चित्र असेल तर तिच्या गालावर भिंग धरून पाहा. हाताने दिलेले लहानमोठे ठिपके दिसतील. आजच्या ऑफसेट छपाईत ते एकसारख्या ओळींत असतात.