टर्मिनल ते मुक्काम: स्वस्त प्रवास घरीच ठरतो

कोल्हापूर, नांदेड, जळगावहून विमान उडतं याचं आता कुणाला अप्रूप वाटत नाही. २०१७ मध्ये 'उडान' योजनेतली विमानं उडू लागली, तासाभराच्या प्रवासाच्या काही आसनांचं भाडं अडीच हजारांच्या घरात बांधलं गेलं आणि आजवर रेल्वेचं आरक्षण किंवा रात्रीची ट्रॅव्हल्स यापलीकडे न गेलेली कुटुंबं विमानतळाच्या रांगेत दिसू लागली. कुणी टाटा रुग्णालयात तपासणीला येतं, कुणी व्हिसाच्या मुलाखतीला, कुणी परीक्षेला. विमानाच्या तिकिटासाठी ही माणसं आठवडा आठवडा दर पाहतात, शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तर पहाटेचं विमान पत्करतात. पण विमानतळ ते मुक्काम या टप्प्याचा विचार मात्र सामान हाती आल्यावरच सुरू होतो. समोर टॅक्सीवाले उभे असतात, फोनची बॅटरी संपत आलेली असते, आणि तिकिटात वाचवलेले पैसे तासाभरात खर्च होतात.

हे टाळता येतं, मात्र त्याचे निर्णय विमानतळावर घेऊन चालत नाही. विमान किती वाजता उतरणार, खोली कुठे घेतली आणि सामान किती, या तीन गोष्टी घरून निघण्याआधीच ठरलेल्या असतात. स्वस्तात पोहोचणार की महागात, हे बहुतेक वेळा त्यांवरच अवलंबून असतं.

मुंबईत आता रूळ आहेत

मुंबईचा विमानतळ शहराच्या मधोमध असूनही कित्येक वर्षं रेल्वेपासून तुटलेला होता. पार्ले किंवा अंधेरी स्थानक नकाशावर हाताच्या अंतरावर, पण तिथवर जायला रिक्षाच हवी. मेट्रो ३ ने हे चित्र बदललं. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही भुयारी मार्गिका थेट कफ परेडपर्यंत पोहोचली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. त्यांत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची स्वतंत्र स्थानकं आहेत. भाडं १० ते ७० रुपये.

या एका मार्गिकेवर काय काय येतं ते पाहा. व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुल. टाटा रुग्णालयासाठी दादरला उतरून परळपर्यंत थोड्या अंतराची टॅक्सी. पुढे गावाकडची एसटी धरायची असेल तर मुंबई सेंट्रल. मंत्रालय, उच्च न्यायालय या भागात काम असेल तर चर्चगेट किंवा सीएसएमटी. दक्षिणेकडे न जाता टर्मिनल २ हून उलट दिशेला एकच स्थानक गेलं की मरोळ नाका लागतं. तिथे २०१४ पासून धावणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो १ भेटते. घाटकोपरला उतरलात की मध्य रेल्वेची लोकल ठाणे, डोंबिवली, कल्याणला नेते. अंधेरीला उतरलात तर पश्चिम रेल्वे बोरिवली, वसई, विरारकडे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये शिरण्याचं धाडस मात्र करू नये. तास-दीड तास थांबलात तर तोच प्रवास सुखाचा होतो.

एक बारीक सूचना: जमिनीखाली मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं गृहीत धरू नका. तिकीट वर असतानाच काढा किंवा सुटे पैसे जवळ ठेवा. घरच्यांना 'पोहोचलो' हा फोनही खाली उतरण्याआधीच करा.

हिशेब माणशी करा

मेट्रो कायमच स्वस्त पडते असं नाही. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये झालं. पहिल्या दीड किलोमीटरनंतर टॅक्सीला दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे आणि रिक्षाला १७ रुपये १४ पैसे पडतात. म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या टॅक्सीप्रवासाचे मीटरने सुमारे ५१५ रुपये होतात. एकटा माणूस मेट्रोने फार तर ७० रुपयांत जातो, तेव्हा तुलनेचा प्रश्नच नाही. पण चौघांची मेट्रो २८० रुपयांपर्यंत जाऊ शकते, आणि स्थानकापासून लॉजपर्यंत पुन्हा रिक्षा किंवा टॅक्सी लागते. सोबत आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर मीटरची टॅक्सी हाच शहाणपणा. अंतर सात-आठ किलोमीटरचं असेल तर तिघांना रिक्षा उत्तम. फक्त एवढं लक्षात ठेवावं की रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला जात नाही.

रात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा आकारणी असते. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते आणि पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते. परदेशातून येणारी बरीच विमानं नेमकी या मधल्या वेळात उतरतात. तिकीट काढताना रात्री एकला उतरणारं विमान पाचशे रुपयांनी स्वस्त दिसलं, तर त्या पाचशेतून रात्रीची टॅक्सी वजा करून पाहा. पहाटे चारला उतरत असाल तर टर्मिनलमध्ये चहा घेऊन सहापर्यंत थांबणं हा अगदी व्यवहारी उपाय आहे. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

रात्री टॅक्सी घ्यावीच लागली तर प्रीपेड खिडकीवर पावती फाडून घ्या, आणि मुक्कामी उतरेपर्यंत ती चालकाच्या हाती देऊ नका. अॅपवरचा दर चढलेला दिसला तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. चारपाच विमानं एकाच वेळी उतरली की मागणी वाढते आणि गर्दी पांगली की दर बऱ्याचदा खाली येतो.

एक शहर, दोन विमानतळ

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हापासून 'मुंबईचं तिकीट' एवढं म्हणून भागत नाही. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. पनवेल, उलवे, खारघरला जाणाऱ्याने जुन्या विमानतळावर उतरणं आणि बोरिवलीला जाणाऱ्याने नव्या विमानतळावर उतरणं, दोन्ही सारखीच महाग चूक.

गोव्याचे प्रवासी हा धडा आधीच शिकले आहेत. जानेवारी २०२३ पासून तिथे दाबोळीच्या जोडीला पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली. हरमल, मांद्रे, मोरजी इथे मुक्काम असेल तर मोपा जवळ. कोलवा, बाणावली, पाळोळे असेल तर दाबोळी. तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. गोव्यात टॅक्सी महाग पडते, आणि इतर शहरांत हाताशी असणारी अॅप तिथे तशी चालत नाहीत. म्हणून चुकीच्या विमानतळावर उतरण्याचा भुर्दंड तिथे जास्त बसतो. कदंब महामंडळाच्या बसगाड्या मोपाहून पणजी, म्हापसा, मडगावकडे जातात. त्यांच्या वेळा पाहून विमान निवडलंत तर टॅक्सीच्या भाड्यातली मोठी रक्कम वाचते.

दिल्लीत प्रश्न टर्मिनलचा असतो. टर्मिनल ३ खालून २०११ पासून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो धावते आणि सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली स्थानकात पोहोचवते. मध्ये शिवाजी स्टेडियमला उतरलात तर कॅनॉट प्लेस आलं. टर्मिनल १ ला मात्र ही गाडी नाही, तिथे मॅजेंटा मार्गिका आहे. कुठली मेट्रो मिळणार हे तिकिटावरच्या टर्मिनलच्या आकड्यावर ठरतं.

परदेशातही रीत हीच. लंडनच्या हीथ्रोहून शहरात जायला तीन रेल्वे आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण तिचं भाडं सगळ्यांत जड. २०२२ पासूनची एलिझाबेथ लाइन मधली. आणि १९७७ पासून विमानतळाशी जोडलेली पिकॅडिली लाइन सावकाश जाते, पण सगळ्यांत स्वस्त पडते. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाकडे जायचं असेल तर पिकॅडिलीने ग्रीन पार्क, तिथे ज्युबिली लाइन. ठळक जाहिरात दिसली ती गाडी पकडायची, असं करणारा नवखा प्रवासी इथे हमखास जास्त पैसे मोजतो.

खोलीचं खरं भाडं

विमानतळापासूनचा प्रवास असा महाग पडू शकतो, म्हणून खोली शोधताना एक सवय लावून घ्यावी. खोलीच्या दरात विमानतळावरून येण्याजाण्याचा खर्च मिळवावा आणि मगच दोन लॉजची तुलना करावी. दोन रात्रींच्या मुक्कामाला रोज तीनशे रुपयांनी स्वस्त असलेली, पण स्थानकापासून दूरची खोली दोन टॅक्सींत महाग होते. रुग्णालयाच्या कामाला आलेल्यांना तर रोजची ये-जाही मोजावी लागते. आणि सामान इतकंच घ्यावं, की जिना चढताना ते स्वतःला उचलता येईल. दुसरी मोठी बॅग सोबत आली की बस आणि मेट्रो दोन्ही मनातून बाद होतात.

प्रवाशाने एवढं करावं हे ठीक, पण सगळा भार त्याच्यावर टाकणं न्याय्य नाही. मेट्रो जनतेच्या पैशांतून उभी राहिली आहे. विमानतळाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला टॅक्सीच्या खिडकीआधी मेट्रोची आणि बसची पाटी दिसली पाहिजे, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. भाडं आणि शेवटच्या गाडीची वेळ तिथेच लिहिलेली असली पाहिजे. रात्री अकरानंतर उतरणाऱ्यांसाठी दादर, ठाणे, पनवेलकडे जाणारी रात्रबस हवी. पहिल्यांदा विमानाने आलेल्या माणसाला विमानाचं तिकीट परवडावं म्हणून सरकारने भाड्याला मर्यादा घातली. त्याच माणसाला विमानतळावरून मुक्कामी पोहोचणंही परवडलं पाहिजे, हे त्याच धोरणाचं उरलेलं काम आहे.