मुखव्रण, पी५३ आणि कुलवृत्त

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या माझ्या चिकित्सालयात एक रिक्षाचालक आला. डाव्या गालाच्या आत व्रण, चार आठवडे न भरलेला. मुखपाक समजून मी इरिमेदादि तैलाचा गंडूष व खदिरादि वटी दिली. आणखी पाच आठवडे गेले. अखेर तुकडा तपासला, तेव्हा कर्करोगाचे निदान झाले. ते पाच आठवडे माझ्या खाती जमा आहेत.

तेव्हापासून मी अर्बुदनिरोधक जनुकांविषयी वाचू लागलो. पेशींच्या विभाजनास लगाम घालणारी ही जनुके. त्यांतील पी५३ हे १७व्या गुणसूत्रावर असते. १९७९ मध्ये त्याचे प्रथिन सापडले आणि पुढील दहा वर्षे शास्त्रज्ञ त्यालाच कर्करोगकारक समजत होते! (रोगनिदानात चुकणारे आपण एकटे नव्हे.) पेशीच्या डीएनएला इजा झाली की पी५३ विभाजन थांबवून दुरुस्तीस अवधी देते; दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीचा नाश घडवते. सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकचा सहभाग असलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात गाल व हिरडीच्या कर्करोगात पी५३सह नॉच१, फॅट१ व कॅस्प८ ही जनुकेही बदललेली दिसली. तंबाखू चघळणाऱ्यांचा हा रोग. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. रुग्णाच्या खिशात पुडी मात्र सापडतेच.

मुखकर्करोगात हे बदल बहुधा आयुष्यात मिळवलेले असतात. काही कुटुंबांत मात्र दोष जन्मतःच येतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, दोन्ही निकामी झाल्यावर अर्बुद वाढते, हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये बालकांच्या नेत्रपटलाच्या अर्बुदावरून मांडले. कुलज प्रकारात एक प्रत आधीच सदोष असते. येथे चरकसंहितेच्या शारीरस्थानातील बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचे विवेचन आठवते. तथापि चरकाचार्यांना जनुके ठाऊक होती असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. घ्यावयाची ती कुलवृत्त विचारण्याची शिस्त. स्तन वा बीजकोशाच्या कर्करोगात आई-मावशीबरोबर आत्याचीही चौकशी करावी. बीआरसीए१चा दोष पित्याकडूनही येतो.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास प्रथम तपासणीस पाठवावे. औषधालयचालकांनीही पुन्हा तैल मागणाऱ्यास एवढे विचारावे. माझ्या त्या रुग्णाने दुसरी बाटली अंधेरीच्या एका दुकानातून चिठ्ठीविनाच घेतली होती.