‘स्टॅमर’ : शब्द आणि माणूस

बोलताना अडखळणे, एकाच अक्षरावर थबकणे यासाठी इंग्रजीत ‘स्टॅमर’ हे क्रियापद आहे. ब्रिटनमध्ये ते अधिक रूढ आहे. अमेरिकेत त्याच अर्थाने ‘स्टटर’ म्हणतात. भीतीने वा संकोचाने क्षणभर अडखळणाऱ्यालाही ‘स्टॅमर’ लावतात आणि जन्मभर सोबत करणाऱ्या वाणीदोषालाही. ‘फॉल्टर’ची छटा निराळी आहे. भावनावेगाने स्वर कापणे, निश्चय डळमळणे, एवढेच नव्हे तर अर्थव्यवस्थेची गती मंदावणे, हे सारे त्यात येते. अर्थविषयक वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना तो परिचित असेल.

मराठीत चाचरणे, अडखळणे हे प्रासंगिक. तोतरेपणा हा कायमचा. बोबडेपणा मात्र वेगळा. त्यात उच्चार अस्पष्ट असतो. तोतरेपणात शब्द मनात तयार असतो, केवळ ओठांवर येताना अडतो. म्हणूनच त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज याचे ठळक उदाहरण होत. 1925 साली वेम्बली येथील प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्यांना अतिशय जड गेले. पुढील वर्षापासून लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाणीतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चिकाटीने सराव केला. 3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध सुरू झाल्यावर त्यांनीच आकाशवाणीवरून जनतेला धीर दिला. दोष समूळ गेला नव्हता. पण त्याने त्यांना मूक केले नाही.

सुमारे पाच टक्के मुले बालपणी तोतरे बोलतात. त्यांतील बहुतेकांचा दोष पुढे ओसरतो. गाताना किंवा इतरांसह एका सुरात पठण करताना हा अडथळा बहुधा जाणवत नाही. एकटा बोलताना अडखळणारा मुलगा सामूहिक स्तोत्रपठणात स्पष्ट उच्चार करतो, ते यामुळेच.

व्यापारी कुटुंबात वाणी हेही भांडवलच. पेढीवर ग्राहकाशी बोलणे आणि दूरध्वनीवर भाव सांगणे हे रोजचेच. अशा घरातील तोतऱ्या मुलाला वडीलधारे ‘नीट बोल’ म्हणून दटावतात, त्याचे वाक्य स्वतःच पुरे करतात आणि अखेर त्याला मागच्या खोलीत हिशेबाला बसवतात. हेतू मायेचा असतो, परंतु मुलाचे बोलणेच थांबते. त्याच्याकडे पाहत शांतपणे ऐकून घेणे आणि वेळीच वाणीतज्ज्ञाचा सल्ला घेणे अधिक हिताचे.

इंग्रजीत आता ‘स्टॅमरर’ असा शिक्का मारण्याऐवजी ‘स्टॅमर असलेली व्यक्ती’ असे म्हणण्याकडे कल आहे. आधी माणूस, मग त्याचा दोष, हा क्रम मराठी घरांतही सहज पाळता येईल. ‘तोतरा’ ही हाक बंद करून मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी, इतके तरी आजच करता येईल.