प्लेट टाकू नका

थुंकीच्या नमुन्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर रुग्णाच्या माहितीचा एक रकाना असतो. बहुतेकदा त्यात ‘ताप, खोकला’ एवढंच खरडलेलं असतं. यावेळी निवासी डॉक्टरने आणखी एक ओळ लिहिली होती : किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे, टॅक्रोलिमस चालू. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत या एका ओळीने पुढचं सगळं काम बदलतं.

बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. मग एरवी श्वासाबरोबर आत जाऊनही काही न करणारा माती-धुळीतला जीवाणू फुप्फुसात ठाण मांडतो. नोकार्डिया हा त्यातलाच. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्यकाने १८८८ मध्ये गुरांच्या आजारात त्याचं वर्णन केलं.

ग्रॅम स्टेन केलेल्या स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स फिरवली. पूपेशींच्या गुलाबी गर्दीत आधी काहीच लक्षात येत नाही. मग एका कोपऱ्यात जांभळे, फार बारीक धागे दिसतात, काटकोनात फांद्या फुटलेले. धागा सलग रंगलेला नसतो, मण्यांच्या माळेसारखा तुटक दिसतो.

इथे पुढची पायरी जपून टाकावी लागते. क्षयाच्या जंतूसाठीच्या नेहमीच्या स्टेनमध्ये २० टक्के सल्फ्युरिक आम्लाने रंग उतरवतात. त्यात नोकार्डियाचा रंग बहुधा धुऊन जातो. १ टक्का आम्ल वापरलं तर टिकतो. पण कधी कधी २० टक्क्यांतही लाल तुकडे उरतात, आणि छातीच्या फोटोत डाग असला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच. एकदा टीबीची औषधं सुरू झाली की त्यातलं रिफाम्पिसिन यकृतातली विकरं चेतवतं आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कोसळते. संसर्ग हटत नाही तो नाहीच, वर आईने किंवा बायकोने दिलेली किडनी धोक्यात येते. मला या आजारात सर्वांत भीती वाटते ती याची.

कल्चरचं गणितही वेगळं. नेहमीचे जीवाणू एक-दोन दिवसांत उगवतात आणि ४८ तासांनंतर प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये जातात. नोकार्डियाला तीन दिवसही लागतात, दोन आठवडेही. म्हणून आमच्या तंत्रज्ञ ताईंनी प्लेटच्या बुडावर मार्करने ठळक लिहिलं, ‘टाकू नका’, आणि आगर सुकू नये म्हणून कडेने पॅराफिल्म गुंडाळली. फॉर्मवर ती ओळ नसती तर ही प्लेट इतरांबरोबर गेली असती. ‘ट्रान्सप्लांट : हो / नाही’ असा चौकोन प्रत्येक फॉर्मवर छापलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उगवलेली कॉलनी कोरडी, सुरकुतलेली, पांढुरकी असते. लूपने उचलायला जावं तर आगरला घट्ट चिकटून बसते. तिला ओल्या मातीचा वास असतो असं पुस्तकांत वाचून नवी मुलं झाकण उघडू पाहतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवावं लागतं. प्लेट उघडायची ती सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

प्रजाती ओळखणंही महत्त्वाचं, कारण नोकार्डिया फार्सिनिका सेफ्ट्रिआक्सोनला बहुधा दाद देत नाही. पण स्लाइडवर धागे दिसले की फोन लगेच करायचा, छापील रिपोर्टची वाट बघायची नाही. फोनवर आणखी एक सांगायचं : डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करा. हा जीवाणू गुपचूप मेंदूत जाऊन गळू करतो.

उपचाराचा कणा म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. गंभीर आजारात जोडीला इमिपेनेम किंवा अमिकासिन. कालावधी सहा महिने ते वर्ष, मेंदूत असेल तर किमान वर्ष. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्ततपासण्या चुकवून चालत नाही. क्रिएटिनिनचा आकडाही किडनीला इजा न होता थोडा वर जातो, आणि ट्रान्सप्लांटच्या घरात तो आकडा तोंडपाठ असतो. तो वाढलेला पाहून घाबरून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आधी नेफ्रॉलॉजिस्टला फोन करावा.