मनाच्या जखमेचें मोजमाप

मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ सालीं झाला. त्याच्या परिशिष्टांत, पुढील सुधारणांसह, शरीराची जणूं दरपट्टीच होती: आंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली, एक डोळा गेला तर ४०. परिशिष्टाबाहेरील इजेचें माप डॉक्टरानें घ्यावयाचें. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि तीच रीत उचलली.

आतां आमच्या जुन्नर-आंबेगांवकडील ऊस पाहा. त्यांत बिबळ्या राहतो, वितो, आणि कधीं मजुरावर झडपहि घालतो. वांचलेल्याची मानेवरील जखम भरून येते. पण उसांत पाऊल टाकतांच त्याच्या हातांतील कोयता गळूं लागला, तर हात शाबूत असूनहि कमाई गेलीच कीं नाहीं? वनखात्याची मदत निराळी. येथें काम मानसशास्त्रज्ञाचें. त्यानें नुसतें गाऱ्हाणें ऐकून भागत नाहीं. झोंप, स्मृति, पूर्वीचा स्वभाव, सारें चांचण्यांनीं व घरच्यांच्या सांगण्याशीं ताडावें लागतें. सोंगहि ओळखावें लागतें, आणि खऱ्या भयाला सोंग म्हणण्याचें पातकहि टाळावें लागतें. म्हणूनच उपचार करणारा व पारख करणारा एक नसावा. पहिल्याला रोग्याची बाजू घ्यावीच लागते.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत अशा परीक्षकांत मानसशास्त्रज्ञहि असतात. सरकार तीन नांवें देतें. मजुराला वकील असल्यास दोन्ही पक्ष एकेक नांव खोडतात, उरेल तो परीक्षक. युक्ति मला फार आवडली. अशी यादी पुण्यास करतां येईल. पण फी कोणाकडून घ्यावी? उचल मुकादमाची, ऊस शेतकऱ्याचा, गाळप कारखान्याचें. आधीं मालक कोण, हेंच ठरवावें लागेल.