गार्डनचं ड्रॉइंग: पहिली रेघ मारण्याआधीची तयारी

आजच्या एपिसोडचा विषय: लँडस्केपचा प्रोजेक्ट ऑटोकॅडमध्ये सुरू कसा करायचा आणि शेवटपर्यंत सांभाळायचा कसा. झाडांचे सुंदर ब्लॉक नंतर. आधी पाया.

समजा नांदेडात गोदावरीकाठी १० गुंठ्यांची बाग करायचीय. सर्व्हेवाल्यानं व्हॉट्सॲपवर डीडब्ल्यूजी पाठवली. उघडल्यावर मी सगळ्यात आधी प्लॉटचं क्षेत्रफळ काढतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १० गुंठ्याला साधारण १०१२ चौरस मीटर. कमांडनं १०१२ च्या आसपास आकडा दिला तर युनिट मीटर. १०,८९० आला तर फूट. आणि १०१ कोटी दिसले तर घाबरू नका, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे! सातबाऱ्यावरच्या आरशीही ताडून बघा, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. इथं गडबड राहिली की पेव्हर, माती, रोपं, सगळ्यांचा हिशोब चुकतो आणि पैसे मालकाचे जातात.

दुसरी गोष्ट, जागा. जगाचा नकाशा यूटीएममध्ये ६० पट्ट्यांत विभागलाय. नांदेड आणि लातूर दोन्ही ४३ उत्तर पट्ट्यात येतात, नागपूर मात्र ४४ मध्ये. नांदेडात ईस्टिंग ७ लाखांच्या पुढं आणि नॉर्दिंग २१ लाखांच्या पुढं दिसलं पाहिजे. मोठे आकडे बघून पुष्कळ जण सर्व्हे उचलून शून्यावर आणून ठेवतात. तसं करू नका. कागदावर सरळ दिसावा म्हणून प्लॉट फिरवायचा असेल तर यूसीएस फिरवा, सर्व्हे जागेवरच राहू द्या.

का? कारण पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे. दरवाजे उघडले की काठाला पाणी चढतं. सर्व्हे दहा मीटर सरकला तर पूररेषाही चुकीच्या जागी बसते आणि तुमचा पंप किंवा मुलांची खेळणी पाण्यात!

म्हणून मी सर्व्हे, पूररेषा आणि डिझाइन अशा तीन वेगळ्या फाइल ठेवतो. पहिल्या दोन एक्सरेफ म्हणून जोडतो, पाथ रिलेटिव्ह ठेवतो. नवा सर्व्हे आला की तेवढीच फाइल बदलायची, डिझाइनला हात लागत नाही.

लेयर करताना जुनी झाडं आणि नवी झाडं कधीच एकत्र टाकू नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. जुना कडुनिंब नव्या करंजाच्या लेयरवर गेला तर साइटवर कुऱ्हाड चुकीच्या बुंध्यावर पडेल.

फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ नको. वर्ष-महिना-दिवस लिहा, यादी आपोआप क्रमानं लागते. आणि पाठवताना नुसती डीडब्ल्यूजी पाठवू नका, समोरच्याकडं एक्सरेफ गायब दिसतात. ई-ट्रान्समिटनं सगळ्याची एक झिप करा, सोबत मोबाइलवर बघायला पीडीएफ.

आज एवढंच करा: जुनी एखादी फाइल उघडा आणि क्षेत्रफळ काढा. आकडा काय आला ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!