तण जळते, मग ऊस का जळत नाही?



चौरास भागात फडावर गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, औषध एकच मारलं, तण गेलं अन् ऊस कसा वाचला?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात आपल्या जिवाचीही गोष्ट आहे.

ॲट्राझीन मुख्यतः मुळावाटे पानात चढते. पानाच्या पेशींत हिरवे कण असतात. तिथे उन्हाच्या शक्तीवर अन्न तयार होते. ॲट्राझीन हेच काम अडवते. अडलेली शक्ती मग पेशीलाच आतून जाळते आणि तण पिवळे पडून वाळते.

उसाच्या पेशीतही औषध शिरतेच. पण तिथे ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ विषाला जाऊन चिकटतो व ते निकामी करतो. मका व ज्वारीही अशीच वाचतात. मात्र हा बचाव अमर्याद नाही. "थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं?" म्हणून मात्रा वाढविली, तर उसालाही चटका बसतो.

हाच ग्लुटाथायोन आपल्या यकृतातही असतो. तापाची पॅरासिटामॉलची गोळी पोटात गेल्यावर तिचा थोडा भाग विषारी बनतो. त्याला तोच निकामी करतो. गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले तर फुफ्फुसाच्या पेशींचा बचाव कोलमडतो. त्यावर खात्रीचा उतारा नाही.

कीटकनाशकांची तऱ्हा निराळी. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे मज्जातंतूंचे काम बिघडवतात. घाम, लाळ, धूसर दिसणे, मग श्वास कोंडणे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. यवतमाळ आपल्यापासून दूर नाही.

म्हणून एवढे पाळा:

१. मात्रा लेबलप्रमाणेच, मापाने घ्या. दोन औषधे मनाने मिसळू नका.
२. हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.
३. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका.
४. रिकामा डबा घरात वापरू नका.
५. गरगरले की काम थांबवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठा. डोके दुखते म्हणून गोळी घेऊन पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका.

फवारणीला मजूर लावला, तरी हे सारे त्याला देण्याची जबाबदारी आपलीच. तण पुन्हा काढता येईल, गेलेला माणूस परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी